अकराशे दहा किलो

मारोतरावांची पिकअप आता मी चालवतो. सकाळी मारेगावहून निघायचं, वणी ओलांडून चंद्रपूर रस्त्यावरच्या आमच्या धर्मकाट्यावर यायचं, दिवसभर ट्रक मोजायचे आणि परत जायचं. लोक म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीचं काय करतोस, एखादी कार घे. मी हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी हीच घेऊन निघतो. गाडी चांगली आहे. थंडीत जरा नखरे करते, एवढंच.

मारोतरावांची बायको, पंचफुलावहिनी, जाऊन वर्ष उलटलं. मारोतराव काटा सोडून गेले त्यालाही सहा महिने होत आले. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी सगळं नीट सांगू शकतो. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंच मला आधी वाईट वाटायचं. आता तेही वाटत नाही. काही गोष्टी मात्र आठवत राहतात, आणि दर वेळी तशाच्या तशा आठवतात.

आमचा काटा म्हणजे रस्त्याच्या कडेला बसवलेला एक लांबरुंद लोखंडी पाट. दोन्ही बाजूंना उतार. ट्रक त्यावर चढतो, आत खोलीतल्या डब्यावर लाल आकडा उमटतो, आम्ही पावती फाडून देतो. कोळशाचे ट्रक बारा महिने, आणि दसऱ्यानंतर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. खोलीत दोन खुर्च्या. मी कामाला लागलो तेव्हा त्यातल्या एका खुर्चीवर मारोतराव चौदा वर्षांपासून बसत होते. पन्नाशीचा, सडपातळ, पांढऱ्या शर्टाची बाही बरोबर दोन घड्या दुमडलेला माणूस. मी दारात उभा राहून नमस्कार केला, तर त्यांनी नमस्कार घ्यायच्या आधी मला खालून वर पाहिलं.

“अठ्ठावन्न,” ते म्हणाले. “सकाळी जेवून आला असशीन तं एकोणसाठ.”

मग मला कोपऱ्यातल्या पोती मोजायच्या छोट्या काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो सातशे ग्रॅम. मी जेवूनच आलो होतो.

हा त्यांचा छंद म्हणा, खोड म्हणा. बकरी हाकत कुणी रस्त्यानं चाललं की मारोतराव खिडकीतून बकरीचं वजन सांगणार. ट्रक उतारावर चढायच्या आधी टायरचं पोट पाहून भार सांगणार, आणि आकडा उमटला की माझ्याकडे पाहून फक्त भुवई उडवणार. माझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर स्टेजवर आले, आहेर दिला आणि माझ्या कानात म्हणाले, “बावन्न. पाच वर्सात तुह्याच्या पुढे जाते पाह्यजो.” पाच कशाला, तीन वर्षांतच माझ्या पुढे गेली. बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “वजन केलं काय?” यंदा पाऊस फार झाला. वजन केलं काय? अमक्याचा मुलगा फार हुशार निघाला. वजन केलं काय? एकदा एक ट्रकवाला आपल्या सासऱ्याच्या चांगुलपणाबद्दल अर्धा तास बोलला. मारोतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला. ट्रकवाला पावती घ्यायची विसरून निघून गेला.

आधी त्यांच्याकडे मोटारसायकल होती. मारेगावच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथून दोघं यायचे. वहिनी काट्यासमोरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. एका पावसाळ्यात चिखलात गाडी घसरली आणि वहिनींच्या पायाचं हाड मोडलं. पाय जुळून आला, पण मोटारसायकलवर बसायचं म्हटलं की त्यांचे हातपाय कापायचे. एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या. घरचे म्हणाले, सोड आता शाळा. वहिनी म्हणाल्या, “घरी बसून काय करू? भिंतीसंगं बोलू?” साठ-सत्तर पोरं त्यांना खिचडीबाई म्हणायची आणि ते नाव त्यांना फार आवडायचं.

मारोतरावांनी चार चाकांची गाडी घ्यायचं ठरवलं. मी म्हणालो, जुनी कार बघा.

“कारमंदी माणसंच बसते. पिकअपमंदी माणूस बी बसते न् कापूस बी.”

कळंबला एक भाजीवाला आपली छोटी पिकअप विकणार होता. मारोतरावांनी मला सोबत नेलं, कारण मला गाड्यांतलं कळतं असा माझाच तेव्हा समज होता. आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं, वहिनींनी बजावून सांगितलं होतं. मग गाडी पाहिली. मी बॉनेट उघडून ऑइलचं झाकण हुंगलं, धूर कुठल्या रंगाचा येतो ते पाहिलं, टायरच्या नक्षीत नख घातलं. मारोतरावांनी यातलं काहीही केलं नाही. त्यांनी गाडीचं पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावून रिकाम्या गाडीचं वजन वाचलं आणि विचारलं, “इथं धर्मकाटा कुठीसा हाय?”

भाजीवाला हसला. “काका, गाडी घ्याची हाय का भंगार?”

“चला तं खरं.”

काट्यावर आम्ही सगळे खाली उतरलो. पुस्तकात नऊशे वीस, काट्यावर नऊशे ऐंशी. भाजीवाला म्हणाला, टाकीत डिझेल असेल. मारोतराव म्हणाले, “डिझेल दहाचं. पन्नास कायचे?” आणि पांढऱ्या शर्टासकट ते गाडीखाली शिरले. मागच्या हौद्याचा तळ गंजून गेला होता आणि त्यावर दुसरा जाड पत्रा ठोकून रंग मारलेला होता. भाजीवाल्याचं तोंड पडलं. आता हे गाडी सोडून देणार असं मला वाटलं, पण त्यांनी तीच घेतली.

परत येताना मी विचारलं, फसवत होता ना तो?

“रंग मारला ते लबाडी,” ते म्हणाले. “पन पत्रा चांगला जाड ठोकला हाय. ज्याले गाडी फेकाची असते तो एवढा पत्रा नाही ठोकत.” मग चाळीसच्या पुढे काटा न जाऊ देता त्यांनी गाडी वणीपर्यंत आणली. वाटेत मला एक शब्द बोलू दिला नाही, कारण ते इंजिन ऐकत होते.

त्यानंतरची नऊ वर्षं त्यांनी त्या गाडीला जे जपलं त्याला तोड नाही. थंडीत चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, दिवा विझल्यावर आणखी वीस अंक मोजायचे आणि मगच सेल्फ मारायचा. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी कधी घालायचं नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना दर पंधरवड्याला ग्रीस. सेल्फ जरा अशक्त झाला तेव्हा तो लगेच बदलायच्या ऐवजी ते गाडी काट्याशेजारच्या उतारावर लावू लागले, म्हणजे संध्याकाळी नुसती सोडली की सुरू. डिझेलही कधी टाकी भरून घेतलं नाही. काल जेवढं जळलं तेवढं आज भरायचं. रोज अडीच लिटर मागणारा माणूस म्हणून पंपावरची पोरं त्यांना दुरूनच ओळखायची.

वणीत रफिकभाईंचं गॅरेज आहे. तिथे मारोतराव जुना पार्ट निघाला की तो मोजायचे, नवा बसवायच्या आधी तोही मोजायचे आणि दोन्हींतला फरक लक्षात ठेवायचे. रफिकभाई एकदा वैतागून म्हणाले, “मारोतराव, गाडी है, दुल्हन नहीं है.”

“दुल्हन असती तं एवढं कोन पाह्यते,” मारोतराव म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. बाकावर बसलेल्या वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या.

पार्ट मोजण्यामागे कारण होतं. काट्याचा एक रिवाज असतो. सकाळी पहिली पावती फाडायच्या आधी एखादं ओळखीचं वजन ठेवून काटा बरोबर आहे का ते पाहायचं. सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं आमच्या कपाटात आहेत, पण ती रोज कोण उचलणार? म्हणून कुणी एखादा ठरलेला दगड ठेवतं, कुणी मालकाची गाडी चढवतं. आमच्याकडे मारोतरावांची पिकअप होती. सकाळी ती पाटावर येऊन थांबायची. ते स्टिअरिंगवर, शेजारी वहिनी. मी आत आकडा बघायचो. खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, “किती?”

“अकराशे दहा.”

मग त्यांचा हात वर व्हायचा, वहिनी उतरायच्या, डबा सावरत रस्ता ओलांडून शाळेत जायच्या, आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत वहिनी नसायच्या, तेव्हा हजार पन्नास. शाळा उघडली की पुन्हा अकराशे दहा. आमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यामुळे तीन-चार किलो इकडेतिकडे झाले तर त्याला कळत नाही. नऊ वर्षं तो आकडा हलला नाही. मला माझा फोन नंबर पाठ नव्हता तेव्हाही तो पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर एके दिवशी मी म्हणालो, “अकराशे.”

“पुन्हा पाह्य.”

गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. अकराशे. मारोतराव म्हणाले, डिझेल कमी झालं असेल, आणि दुसऱ्या दिवशी चार लिटर जास्त घेतलं. तरी अकराशेच. त्यांनी जॅक पाहिला, स्टेपनी पाहिली, मागच्या हौद्यातल्या ताडपत्रीची घडी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. चाकांना चिखल नाही म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला. पण तो त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता हे मला दिसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी आकडा आला अकराशेच्याही खाली. एक हजार नव्वद.

तो कापसाच्या सीझनचा ऐन जोर होता. रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि मारोतराव काट्यावरून गाडी काढायला तयार नव्हते. चार वेळा मागे-पुढे केलं. पाटाखाली दगड अडकला का ते वाकून पाहिलं. मी गज घालून फटीतली माती काढली. वहिनी आतच बसून होत्या. एकदा म्हणाल्या, “उतरू का जी मी? चूल पेटवाले उशीर होते.”

“बस जराशीक. हलू नोको.”

त्या हलल्या नाहीत. मांडीवर डबा घेऊन समोर बघत बसून राहिल्या. मला त्या काचेतून स्वच्छ दिसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आकड्याकडे पाहिलं.

मारोतरावांनी काट्याच्या मालकाला फोन केला. काटा वीस किलो कमी दाखवतो, बंद ठेवावा लागेल. मालक ओरडला, सीझनमध्ये काटा बंद? मारोतराव म्हणाले, “शेठ, एकेका गाडीत वीस किलो कापूस कमी लिवला तं तो कोनाच्या घरचा जाईन? माह्या सहीनं नाही जाणार.” आणि त्यांनी दोन्ही उतारांवर दोरी बांधली. दोन दिवस काटा बंद होता. गाडीवाले शिव्या देत पुढच्या काट्यावर गेले. मीही मारोतरावांच्या बाजूनं होतो. काटाच बिघडला असणार याबद्दल मला शंका नव्हती, कारण काट्यापेक्षा माझा त्या गाडीवर जास्त विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी काटा तपासणारा माणूस वजनांची गाडी घेऊन आला. वीस-वीस किलोची शिक्क्याची वजनं त्यानं पाटावर रचली. आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर. दर वेळी आकडा बरोबर. एक हजार ठेवले तर एक हजार. वीस आणखी ठेवले तर एक हजार वीस. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, “काटा टंच आहे काका. एका ग्रॅमची गडबड नाही. तुमच्या गाडीतलंच काही गेलं असेल. काय काय असतं गाडीत?”

“जॅक, पाने, ताडपत्री,” मारोतराव म्हणाले. “मी, न् ही.”

बराच वेळ त्यांनी समोर शाळेकडे पाहिलं. मग दोरी ओलांडून रस्त्यापलीकडे गेले.

वहिनींना ते भर कामातून घेऊन आले. त्यांच्या हाताला तिखट लागलेलं होतं आणि त्या रस्ताभर विचारत होत्या, “काहून जी? झालं काय? डाळ लागन ना खाली.” मारोतरावांनी त्यांना कोपऱ्यातला पोत्यांचा काटा दाखवला.

“चढ याच्यावर.”

“बाप्पा! मी का पोतं हाओ काय?” त्या माझ्याकडे पाहून हसल्या, चपला काढल्या आणि देवळात चढावं तशा चढल्या.

बेचाळीस किलो. नऊ वर्षांपूर्वी याच काट्यावर एकसष्ट होत्या.

मारोतरावांनी विचारलं, “जेवण जात नाही काय?”

“घास अटकते. चहासंगं ढकला लागते.”

“कवापासून?”

“पोळ्याच्या आंधीपासून असन.”

“सांगतलं काहून नाही?”

“तुमचा काटा बिघडलता ना जी,” वहिनी म्हणाल्या. “तुमी त्याच घोरात होते. मनलं काट्याचं होऊ द्या आंधी.”

रस्त्यानं जाणाऱ्या बकरीचं वजन सांगणारा तो माणूस खुर्चीवर बसला. मलाही तेव्हा माझी लाज वाटली. मी त्या बाईला रोज सकाळी पाहत होतो. त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या, गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हे सगळं मला त्या दिवशी एकदम दिसलं. रोज दिसत असणार, मी बघत नव्हतो.

अन्ननलिकेचं दुखणं निघालं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. मारोतरावांनी हे मला सांगितलं तेव्हा ते एका ट्रकची पावती फाडत होते, आणि पावतीवरचा आकडा बरोबर होता.

नागपूरच्या फेऱ्या त्याच पिकअपमधून झाल्या. मी भाड्याच्या जीपची चौकशी केली होती, पण वहिनी म्हणाल्या, आपली गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत कायले जाऊ? सहा का सात वेळा गेले. पहाटे निघायचे, संध्याकाळी परत. जाताना काट्यासमोरून जायचे, कधी थांबायचे, पण पाटावर गाडी चढवली नाही. मी पाण्याची बाटली घेऊन बाहेर जायचो. वहिनी म्हणायच्या, “पोरायले खिचडी बरी भेटते ना? नवीन बाई मीठ जास्त टाकते म्हणते.” होळीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

चौदाव्या दिवशी मारोतराव कामावर आले. शर्टाची बाही बरोबर दोन घड्या दुमडलेली होती. पिकअप रस्त्याच्या कडेला लावली, कपाट उघडलं आणि शिक्क्याची वजनं एकेक करून बाहेर नेऊन पाटावर ठेवू लागले. मी उठलो तर म्हणाले, बस तू, आकडा पाह्य. त्यानंतर रोज ते तसंच करत होते. साठीला आलेला माणूस सकाळी वीस-वीस किलोची वजनं उचलून नेत होता आणि परत आणून ठेवत होता. दुसरं काही बदललं नाही. फक्त कुणी काही सांगितलं तर ते आता नुसतं हं म्हणायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा डबा खाताना म्हणाले, “गाडी घे तू. मले एसटी बरी.” मी मारेगावला राहतो, माझी रोजची वाट तीच होती. मी घेतली. चावी देताना त्यांनी तासभर मला गाडी समजावून दिली. हीटरचे वीस अंक. तिसरा गिअर टाकताना जरा थांब, घाई केली तं रागावते. ब्रेक मारला न् डावीकडे ओढाले लागली तं रफिककडे जाय, उद्यावर ढकलू नोको. उताराच्या वाटेनं न्यूट्रल करू नोको. वहिनींचं नाव त्या तासात एकदाही आलं नाही.

मग मी गाडीनं यायचो आणि ते एसटीनं. मी रोज म्हणायचो, चला सोबत, तुमच्या गावावरूनच जातो. ते म्हणायचे, बस हाय ना. चार-पाच महिने असं चाललं.

त्यांची मुलगी बोरी अरबला दिलेली आहे. ती म्हणाली, बाबा आता इकडे या. त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी खुर्चीवरची उशी, चष्म्याचं घर, स्टीलचा ग्लास आणि डबा असं एका थैलीत भरलं, खिशातून कपाटाची चावी काढून माझ्यासमोर ठेवली. थैली जड नव्हती, तरी मी म्हणालो, आज तरी सोडतो. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. बाहेर अजून ऊन होतं. ते सवयीनं उजव्या बाजूला गेले, माझ्याकडे पाहिलं आणि मग फिरून डावीकडून चढले.

त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. कळंबहून आणली त्या दिवसापासून मला चावी देईपर्यंत ही गाडी दुसऱ्या कुणी चालवलीच नव्हती, तर त्यांना तिथे बसायचं कारण काय होतं? पाय कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. म्हणाले, “इकडून गरम झळ येते रे पायावर.” मी म्हणालो, इंजिनची असेल.

वणी सोडल्यावर रस्ता खराब आहे. पहिल्याच खड्ड्यात डावीकडचं दार हातभर उघडलं. मी गाडी थांबवली, त्यांनी दार आपटून लावलं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा उघडलं. त्या सीटवर माणसाचा भार पडला कीच ते उघडत असणार; मी तर रोज एकटाच असतो, मला हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, लॉक गेलेलं दिसतं, धरून बसा.

त्यांनी धरायला काही आहे का म्हणून खाली पाहिलं. काच खाली करायच्या दांडीला लुगड्याच्या हिरव्या काठाची एक चिंधी बांधलेली होती, फास करून. मीही ती पाहिलेली होती.

“मले वाटे, हात पुसाले बांधली असन,” मारोतराव म्हणाले.

त्यांनी फासात हात घातला. तो त्यांच्या हाताला लहान होता, चार बोटंच गेली. त्यांनी ओढून धरलं. पुढच्या खड्ड्यात दार हललं नाही.

बावीस किलोमीटरच्या वाटेतली बरीच वाट उरलेली होती. त्यांनी हात बदलला नाही. गाव जवळ आलं तेव्हा त्यांचा दंड थरथरत होता. मी म्हणालो, जरा सोडा, मी हळू चालवतो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“नागपूरले जाताना बी...” ते म्हणाले.

फाट्यावर मी गाडी थांबवली. ते उतरले, थैली घेतली, दार लावलं. मग पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि खिडकीतून आत वाकून म्हणाले, “एक डाव बी नाही सांगतलं रे तिनं.”

मी इंजिन बंद केलं.

“मी इचारलं बी नाही,” ते म्हणाले, आणि गावाच्या रस्त्याला लागले. त्यानंतर माझी त्यांची भेट नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी रफिकभाईंकडे नेली. त्यांनी दार उघडून पाहिलं, लॉकचा एक स्क्रू ढिला होता तो आवळला. पाच मिनिटंही लागली नाहीत.